झाकणावरची तीन माणसं

सुखराम खोब्रागडे यांनी पास केलेल्या डब्यातून हवा गळाली, असं छत्तीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. खमरियाच्या कारखान्यात ते तपासनीस होते. बंद डब्यात हवा भरायची, डबा पाण्यात बुडवायचा आणि बुडबुडे येतात का ते बघत बसायचं, हे त्यांचं काम. एक बुडबुडा दिसला की डबा नापास. मग साहेबाचा फोन येवो की साहेब स्वतः येवो.

जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या त्यांच्या घरातही हाच कायदा चालत असे. लोणच्याची बरणी ते उलटी धरून बघत. पाहुणे आत चहा पीत असले की हे बाहेर त्यांच्या सायकलच्या व्हॉल्व्हला थुंकी लावून बघत आणि आत येऊन म्हणत, "मागच्या चाकाची हवा जाऊन राहिली तुमच्या." त्यांची बायको कलावती याकडे लक्ष देत नसे. मुलगी विनीता मात्र वाद घाली. ती मुलींच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायची आणि हवा हा तिच्याही पुस्तकातला एक धडा होता.

"हवेचं मला नको सांगू," सुखराम म्हणायचे. "तू फळ्यावर दाबते. मी खरीखुरी दाबून राहिलो."

अशा माणसाच्या हातून मागल्या वर्षी खीर सांडली होती.

खमरियाच्या बुद्धविहारात दर बुद्धपौर्णिमेला खीरदान असे आणि ती खीर कलावतीबाईच करत. नागपूरकडून आलेल्या सगळ्या घरांत त्यांच्यासारखी खीर कोणाला जमत नव्हती. मागल्या वर्षी मोठं पातेलं, त्यावर ताट, ताटावरून धोतर बांधलेलं, असा सरंजाम टेम्पोत ठेवला होता. वाटेतल्या एका गतिरोधकावर टेम्पो उडाला, ताट सरकलं आणि अर्धी खीर फळ्यांच्या फटींतून रस्त्यावर गेली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण विहार समितीचे अध्यक्ष नारायणराव गजभिये यांना माइक फार आवडत असे. एकदा हातात आला की तो त्यांच्याकडून काढून घेणं म्हणजे दोन माणसांचं काम. त्यांनी दीडशे लोकांसमोर जाहीर केलं, "आपले खोब्रागडे साहेब, गळतीचे तपासनीस, यांनी या वर्षी अर्धी खीर रस्त्याला दान केली आहे. रस्त्याच्या वतीनं मी त्यांचे आभार मानतो."

लोक हसले. आसनावर बसलेले भिक्खू, भन्तेजीसुद्धा, खाली बघून हसले. त्यानंतर वर्षभर कारखान्याच्या कँटीनमध्ये सुखरामांच्या कपात चहा ओतताना कोणी ना कोणी विचारायचंच, "साहेब, कप तपासला का?"

आणि आता सत्त्याऐंशी साल उजाडलं होतं. मे महिन्याच्या शेवटच्या तारखेला सुखराम रिटायर व्हायचे होते. छत्तीस वर्षांची नोकरी आणि तिच्या टोकाला ती खीर, हे त्यांना सहन होईना.

त्यांनी तयारी एप्रिलमध्येच सुरू केली. दूधवाल्या यादवजींकडून ॲल्युमिनियमचा वीस लिटरचा कॅन मागून आणला. खाली रुंद, वर आखूड मान, मानेत घट्ट बसणारं झाकण आणि झाकणाला धरायला एक कडी. "भैया, जैसा दे रहा हूँ, वैसाच वापस चाहिए," यादवजींनी बजावलं. सुखरामांनी स्कूटरच्या जुन्या ट्यूबचं एक गोल रिंगण कापलं, झाकणाला चढवलं आणि झाकण लाकडी हातोडीनं ठोकून बसवलं. मग रिकामा कॅन अंगणातल्या पाण्याच्या टाकीत दाबून धरून ते अर्धा तास बसून राहिले.

"एकही बुडबुडा नाही," ते आत येऊन म्हणाले.

"माणसानं उन्हात बसू नये म्हणतात," कलावतीबाई म्हणाल्या.

यंदा आणखी एक भर होती. नारायणरावांनी पत्रकावर छापून टाकलं होतं: 'थंडगार खीर'. जबलपूरच्या मे महिन्यात हे शब्द वाचूनच लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. रिछाईच्या बर्फ कारखान्यातून दोन लाद्या सकाळीच विहारात येऊन पडायच्या होत्या. कॅन आला की सरळ बर्फात.

पौर्णिमेच्या दिवशी पहाटे चारला कलावतीबाईंनी चूल पेटवली. सहाच्या सुमारास खीर रटरटत होती. सुखरामांनी ती तशीच उकळती कॅनमध्ये ओतली. पाऊण कॅन भरला. वरच्या मोकळ्या जागेतून वाफेचे लोट मानेबाहेर येत होते.

विनीता चहाचा कप घेऊन दारात उभी होती. "बाबा, लगेच बंद नका करू. निवू द्या थोडी."

"काहून?"

"गरम असताना बंद केलं आणि मग थंड केलं, तर आतली हवा आकसते. झाकण अडकून बसेल."

"अडकायलाच तर पाहिजे!" सुखराम आनंदानं म्हणाले आणि त्यांनी झाकण ठेवून हातोडी घातली. एक, दोन, तीन. चौथा ठोका कलावतीबाईंनी हात धरल्यामुळे राहिला.

टेम्पोत ते स्वतः कॅनला मिठी मारून बसले. मागल्या वर्षीचा गतिरोधक आला तेव्हा ड्रायव्हरनं आपण होऊन वेग कमी केला.

"नहीं, नहीं," सुखराम मागून ओरडले. "अब की बार कुदाओ!"

"अंकलजी, पिछले साल तो..."

"कुदाओ बोला ना!"

ड्रायव्हरनं टेम्पो असा कुदवला की विनीताचा चष्मा तिच्या ओंजळीत पडला. कॅन हलला, पण थेंब आला नाही. सुखरामांनी झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं, ते विनीताला दाखवलं आणि पुन्हा कॅनला मिठी मारली. खमरिया येईपर्यंत ते स्वतःशीच हसत होते.

विहारात पोचल्यावर कॅन बर्फाच्या फोडलेल्या लादीत मानेपर्यंत गाडला गेला, वरून गोणपाट आलं. वंदना झाली, पंचशील झालं. नागपूरहून आलेल्या भन्तेजींची देशना, म्हणजे प्रवचन, झालं. भन्तेजी दुपारी बारानंतर अन्न घेत नसत, म्हणून सव्वादहालाच खीर काढायचं ठरलं होतं. पांढऱ्या कपड्यांतली दीडशे माणसं मांडवात रांगेनं बसली. सर्वांत पुढे शेवंताबाई होत्या. वय ब्याऐंशी, हातात स्वतःची घरून आणलेली वाटी. विहाराच्या वाट्या लहान असतात, असं त्यांचं मत होतं.

"आता," नारायणराव माइकवर म्हणाले, "खोब्रागडे साहेब यंदाची खीर उघडतील. या वर्षी रस्ता उपाशी राहिला आहे."

सुखराम हसतच कॅनपाशी गेले. कडी धरून त्यांनी झाकण ओढलं.

झाकण हललं नाही.

त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. मग एक पाय कॅनच्या खांद्यावर टेकवून ओढलं. कॅनच बर्फातून वर आला, झाकणासकट.

"काय झालं जी?" नारायणरावांनी विचारलं. माइक चालूच होता.

"काही नाही. फिट बसलं."

बंडू मेश्राम नावाचा फिटर पुढे आला. कारखान्यात जे कोणाकडून उघडत नाही ते बंडूकडे नेत असत. त्यानं कडेला पेचकस लावून पाहिला. पेचकस घसरून त्याच्या अंगठ्याला लागला. मग त्यानं दोन माणसांना कॅन धरायला लावला आणि स्वतः कडी धरली. नारायणरावांनी माइक काखेत दाबून बंडूची कंबर धरली. "एक, दो, तीन!"

कडी तुटून हातात आली. बंडू नारायणरावांवर पडला, नारायणराव झेंडूच्या हारांच्या टोपलीत पडले आणि ते पडल्याचा आवाज दोन्ही भोंग्यांतून साऱ्या क्वार्टरांना ऐकू गेला.

कोणी हसणार तोच कॅननं स्वतःच आवाज केला.

"ठण्ण!"

बंदुकीचा बार व्हावा तसा. आता, ही माणसं साधी नव्हती. यांतली निम्मी आयुष्यभर खमरियाच्या कारखान्यात दारूगोळ्याजवळ काम करत आली होती. आवाजाबरोबर साठेक माणसं एका क्षणात पालथी पडली, दोन्ही हात मानेवर. मग कोणीतरी "पीछे हटो!" म्हणून ओरडलं आणि पुढची सगळी शिस्त आपोआप सुरू झाली. बाया-मुलं मांडवाबाहेर, पुरुष कडं करून उभे, वाळूच्या दोन बादल्या हजर. खिरीपासून वीस पावलांवर दोरी बांधली गेली. हे सगळं दोन मिनिटांत झालं.

आत फक्त दोन माणसं उरली. भन्तेजी आपल्या आसनावर शांत बसले होते. कोणी हाक मारली तर ते हातानंच "तुम्ही व्हा पुढे" असं सांगत होते. आणि शेवंताबाई वाटी घेऊन बसल्या होत्या.

"शेवंतामाय, उठ ना! फुटंल तो!"

"फुटला तर खीर इकडंच येईल," शेवंताबाई म्हणाल्या.

सुखराम दोरीपाशी उभे होते. त्यांच्या हातात तुटलेली कडी होती आणि तोंडाचा रंग उतरला होता. नारायणराव डोक्यातली झेंडूची पाकळी झटकत त्यांच्याजवळ आले. यावेळी त्यांनी माइक बंद केला होता, आणि सुखरामांना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"काय भरून आणलं बापा तुम्ही?"

"खीरच आहे. नासली असंल. आत गॅस झाला, फुगला, झाकण फसलं. आतून दाब येऊन राहिला."

"आतून नाही, बाबा," मागून विनीता म्हणाली. "बाहेरून."

"तू थांब."

"आतून दाब असता तर झाकण उडालं असतं. ते उलट आत ओढलं गेलंय. सकाळी सांगून राहिले होते ना, आतली हवा आकसेल म्हणून? बाहेरची हवा झाकण दाबून बसलीय."

"हवा?" बंडू अंगठा चोखत म्हणाला. "दीदी, मी आन् नारायणराव मिळून ओढून राहिलो होतो. हवेत कुठून आला एवढा जोर?"

विनीतानं हवेतल्या हवेत बोटानं हिशेब केला. "झाकण वीतभर रुंद आहे. साधारण एक माणूस त्याच्यावर बसलाय असं समजा."

सगळ्यांनी झाकणाकडे पाहिलं.

"गरम पाणी ओतलं की सुटेल," ती म्हणाली.

"गरम?" सुखराम भडकले. "आत दाब असताना तापवतात? पहिल्या दिवशी शिकवतात हे आम्हाला. तापवलं की वाढते. तुझ्या पुस्तकातही तेच असंल."

"तेच आहे. पण आत दाब असेल तर ना!" विनीताचाही आवाज चढला. सव्वीस वर्षांत तिनं बापाला चार माणसांत उलट उत्तर दिलं नव्हतं. मग तिनं आवाज खाली आणला. "बाबा, तो ठण्ण आवाज झाला, तेव्हा कॅनला पोचा आला असेल. तुम्ही जाऊन बघा. पोचा बाहेर आलाय की आत गेलाय? बाहेर आला असेल तर मी गप्प बसते."

सुखरामांनी दोरी उचलली आणि ते तिच्याखालून आत गेले. "साहेब, मत जाओ!" कोणी म्हणालं, पण ते चालतच राहिले. कॅनपाशी जाऊन ते गुडघ्यावर बसले, गोणपाट बाजूला केलं, बर्फ हातानं सारला. खिशातून चष्मा काढून लावला. कॅनच्या खांद्यावरून त्यांनी तळवा फिरवला. एकदा, आणि पुन्हा एकदा, डोळे मिटून. दोरीमागून शंभर माणसं बघत होती.

खोटं सांगता आलं असतं. पोचा मानेच्या मागल्या बाजूला होता, दोरीवरून कोणाला दिसत नव्हता. पण ज्यांनी उभ्या जन्मात नापास माल पास केला नव्हता, त्यांना ते सुचलंच नाही.

"आत गेलाय," ते म्हणाले. मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बशीएवढा पोचा आहे. आत गेलाय. विनीता म्हणते ते बरोबर आहे. कॅन मी चुकीचा बंद केला."

नारायणरावांनी माइक तोंडाशी नेला होता. पण सुखरामांचा चेहरा बघून त्यांनी तो खाली केला. वाळूच्या बादल्या परत गेल्या. लोक हळूहळू मांडवात आले.

विनीतानं चहासाठी ठेवलेलं उकळतं पाणी मागवलं आणि तांब्यानं झाकणावर, मानेवर, सगळीकडे ओतलं. एक तांब्या, पाच तांबे, बादलीभर. बंडूनं चिमटा घालून कड उचलायचा प्रयत्न केला. काही नाही. आणखी एक बादली झाली. झाकण होतं तिथंच होतं. पावणेअकरा वाजून गेले.

आता लोक विनीताकडे बघायला लागले. तिचे कान लाल झाले. "सुटायला पाहिजे होतं," ती पुटपुटली. "हवा तापली म्हणजे... सुटायलाच पाहिजे."

"भोक पाडू का?" बंडूनं विचारलं. "माझ्याकडं ड्रिल आहे."

"यादवजींचा आहे कॅन," सुखराम म्हणाले. "अन् धातूचा चुरा जाईल आत. भन्तेजींना देणार का तो?" मग ते लेकीकडे वळले. सगळ्यांना वाटलं आता बोलणार. पण ते हळूच म्हणाले, "आणखी काय करता येईल? सांग. मी करतो."

विनीता रिकामा तांब्या हातात फिरवत राहिली.

या सगळ्या वेळात कलावतीबाई बायकांमध्ये बसल्या होत्या. कोणीच त्यांना काही विचारलं नव्हतं. शेवटी त्या उठल्या, पदर खोचला आणि पुढे आल्या.

"तुमचं दोघांचं झालं का?" त्या म्हणाल्या. "झाकण काहून तापवून राहिले? खीर थंडी आहे ना आत. घरी गरम भाताचा डबा लावला अन् निवून घट्ट बसला, तर मी काय करते? पूर्ण डबा गरम पाण्यात ठेवते. ज्या गरमीत लावला त्याच गरमीत सुटंल. खीर तापवा."

विनीतानं आईकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "वाफ! आई गं, वाफ विसरले मी!"

"कोणती वाफ?" सुखराम.

"बाबा, तुम्ही झाकण ठोकलं तेव्हा आत हवा कुठं होती? खिरीच्या वाफेनं हवा हाकलून दिली होती. सगळी वाफच होती. बर्फात ती वाफ निवली, तिचं पाणी झालं. घागरभर वाफेचं चमचाभर पाणी. आत आता जागा जवळजवळ रिकामी आहे. वरून कितीही पाणी ओता, खीर थंड असेपर्यंत तिथं वाफ होणारच नाही." तिनं परत हवेत बोट चालवलं. "आणि झाकणावर एक माणूस नाही. अडीच... तीन माणसं बसलीत."

"अजून दोघं केव्हा आले?" बंडूनं विचारलं.

पण आता कोणाला थांबायला वेळ नव्हता. मागल्या अंगणातल्या भट्टीवर भात शिजवायचं मोठं पातेलं, गंज, चढवलेलं होतं, त्यात पाणी उकळतच होतं. कॅन थेट भट्टीवर ठेवायचा विचार नारायणरावांनी मांडला. तो कलावतीबाईंनी एका नजरेत मोडून काढला. खीर बुडाला लागली तर कोण खाणार होतं? कॅन गंजातल्या पाण्यात, मानेपर्यंत. खाली लाकडं सारली गेली. सुखरामांनी एक दोर आणून झाकणावरून आडवा घेतला आणि कॅनच्या कानांना सैल बांधला.

"हे कशाला?" विनीतानं विचारलं.

"तू म्हणते सुटंल. मी म्हणतो सुटंल तेव्हा कुठं जाईल ते ठरवून ठेवू."

"हे बरोबर आहे," विनीता म्हणाली, आणि सुखरामांना उगाचच छाती फुगल्यासारखी वाटली.

मग वाट बघणं आलं. मे महिन्याचं ऊन, पेटलेली भट्टी आणि तिच्याभोवती थंडगार खिरीसाठी आलेली दीडशे माणसं. नारायणरावांनी माइकवरून माहिती द्यायला सुरुवात केली. "अकरा वाजून दहा मिनिटं. खीर कोमट असावी. अकरा वीस. झाकणावरची तीन माणसं अजून बसलेली आहेत. त्यांना आमची विनंती आहे." भन्तेजीही उठून आले आणि हात मागे बांधून उभे राहिले. "उपासक," त्यांनी सुखरामांना विचारलं, "वाफेचं पाणी झालं म्हणजे ती खरंच एवढी जागा सोडते?"

"मला आजच समजलं, भन्तेजी," सुखराम म्हणाले. "मुलीला विचारा."

अकरा चाळीसला सुखरामांनी हात वर केला. ते केव्हापासून कान लावून बसले होते. "थांबा. कुरकुर होऊन राहिली." त्यांनी डावाच्या दांड्याचं चपटं टोक ट्यूबच्या कडेला अलगद घातलं. आपल्याच हातानं कापलेलं ते रिंगण होतं. कुठं किंचित पातळ आहे ते त्यांनाच माहीत होतं.

"लोकांना ऐकू द्या," म्हणत नारायणरावांनी माइक झाकणाशी नेला.

सुखरामांनी दांडा एक गहूभर फिरवला. बाहेरची हवा आत शिरली.

"सूंऽऽऽऽऽ!"

तो आवाज तसा सापाच्या फूत्काराएवढाच होता. पण दोन भोंग्यांतून तो असा निघाला की जणू आगगाडीचं इंजिन मांडवात शिरलं. साठेक माणसं पुन्हा पालथी पडली. शेजारच्या क्वार्टरांतले कुत्रे भुंकायला लागले. नारायणराव माइकसकट दोन उड्या मागे गेले. मग सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत झाकण, कोणी हात न लावता, एका बाजूला कललं.

सुखरामांनी दोर सोडला आणि ते दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं. वेलचीचा वास अंगणभर झाला.

भन्तेजींच्या पात्रात पहिली खीर पडली तेव्हा बाराला तेरा मिनिटं कमी होती. दुसरी वाटी शेवंताबाईंची. त्यांनी एक घोट घेतला आणि ओरडल्या, "अगं माय! भाजलं!" थंडगार खिरीचा असा बेत झाला. चव्वेचाळीस अंशाच्या उन्हात, भट्टीच्या धगीत, दीडशे माणसं वाटीवर फुंकर मारत, घाम पुसत, वाफाळती खीर खात होती. नारायणरावांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा कलावतीबाईंनी त्यांना विचारलं, "पत्रक कोणी छापलं होतं?" त्यांनी वाटी परत घेतली. मग कलावतीबाईंनीच ती भरून दिली.

यादवजींनी पोचा बघून बरंच काही ऐकवलं. बंडूनं घरी नेऊन लाकडी ठोकळ्यावर ठोकून पोचा बऱ्यापैकी काढला, नवी कडी लावली, आणि कॅन पूर्वीपेक्षा बरा दिसतो असं यादवजींच्या भावानं कबूल केलं.

सुखराम ठरल्या दिवशी रिटायर झाले. निरोपाच्या चहाला कोणी कपाबद्दल बोललं नाही. सगळ्यांना वाफेबद्दलच ऐकायचं होतं. ते त्यांनी इतक्या रंगून सांगितलं की विनीताच्या शाळेतल्या मोठ्या बाईंच्या कानावर गेलं आणि जुलैमध्ये त्यांना नववीच्या वर्गात बोलावणं आलं. सुखराम इस्त्रीचा शर्ट घालून, तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि स्टोव्ह घेऊन गेले. डब्यात पेलाभर पाणी उकळलं, वाफ चांगली निघू दिली, स्टोव्ह विझवून बूच लावलं, वरून गार पाणी ओतलं. डबा मुलींच्या डोळ्यांदेखत कडकड आवाज करत चुरमडला. चाळीस मुली एकदम किंचाळल्या. सुखरामांना हे इतकं आवडलं की त्यांनी लगेच दुसरा डबा मागवला.

मग दुसऱ्या बेंचवरची शकु नावाची एक मुलगी उठून उभी राहिली. "काका, मग पोळी का फुगते? तिला तर झाकण नसतं."

सुखरामांनी मागे भिंतीशी उभ्या असलेल्या विनीताकडे पाहिलं. ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती.

"विचारून सांगतो," ते म्हणाले.

त्या दिवशी जेवायच्या वेळी ते पाटावर न बसता ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. तव्यावरची पोळी टम्म फुगली. त्यांनी वाकून पाहिलं. दुसरी टाकली, तीही फुगली. ते आणखी वाकले.

"काय पाहून राहिले?" कलावतीबाईंनी विचारलं.

"पोळी फुगून राहिली."

"अठ्ठावीस वर्षं झाली फुगून राहिली. आज दिसली का तुम्हाला?"

"आत वाफ होते वाटतं. वरचा पापुद्रा तिला बाहेर जाऊ देत नाही."

"भोक पाडून बघा मग," कलावतीबाई म्हणाल्या आणि लाटलेल्या पोळीला उलथण्याच्या टोकानं त्यांनी स्वतःच एक भोक पाडून ती तव्यावर टाकली. दोघं शेजारी शेजारी उभं राहून बघत राहिली. पोळी एका कडेला जराशी उचलली, भोकातून वाफेची एक बारीक रेघ निघाली आणि ती परत खाली बसली.

सुखरामांनी विनीताच्या जुन्या वहीत ते लिहून घेतलं, तारीख घातली, आणि ती बसकी पोळी आपल्या ताटात वाढून घेतली.